आण्णांचा आवाज कोणी पुसला

"फाइलच्या नावात चांदणी कोणी घातली?" नाडगोंडे सरांनी पुन्हा विचारलं. "मला एवढंच उत्तर हवंय."

शबाना माझ्या शेजारच्या खुर्चीत होती. ओढणीचं टोक तिने बोटाभोवती इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोटाचं पेर पांढरं पडलं होतं.

"मी घातली," ती म्हणाली.

"झालं तर मग." सर हिर्लेकर मॅडमकडे वळले. "कॉम्प्युटरला चांदणी, म्हणजे * हे चिन्ह, म्हणजे 'इथलं सगळं'. नावात ती घालायची नसते. त्यांनी घातली, सगळं गेलं. रिपोर्टमध्ये मी तसं लिहितो."

डॉ. हिर्लेकर आमच्या केंद्राच्या संचालिका. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शबाना, अगं पेशंटचं सगळं असतं त्यात. विचारायचं तरी कुणाला."

शबानाचं विचारून झालं होतं, मलाच विचारलं होतं तिने, आणि ते ती सांगत नव्हती. मला कशाला मध्ये ओढायचं, असा तिचा हिशेब असणार.

कोल्हापुरातल्या त्या केंद्रात आम्ही माणसांचे आवाज जपायचो. काही आजारांत बोलणं हळूहळू जातं. जीभ जड होते, ओठ ऐकेनासे होतात, आणि एक दिवस शब्दच उमटत नाही. तसं होण्याआधी माणसाकडून शेकडो वाक्यं बोलून घ्यायची, त्यांवरून एक यंत्र तयार करायचं. पुढे त्याने टाइप केलं की यंत्र त्याच्याच आवाजात बोलतं. शबाना मुजावर वाचा उपचारतज्ज्ञ होती, वाक्यं ती बोलून घ्यायची. मी संगणकाची बाजू बघायचे. नाडगोंडे सर माझे वरिष्ठ, तांत्रिक विभागाचे प्रमुख.

आणि ज्यांचा आवाज गेला, ते तुकाराम वडणगेकर. सगळा जिल्हा त्यांना आण्णा म्हणायचा. कुस्तीच्या मैदानात माइकवरून ते निवेदन करायचे. यात्रा कुठल्याही गावची असो, आखाड्याच्या कडेला टेबल टाकून आण्णा उभे राहिले की मागच्या माणसाला पैलवान दिसला नाही तरी कुस्ती दिसायची, असं लोक सांगायचे. पहिल्या दिवशी ते खोलीत आले, भिंतींना लावलेला स्पंज बोटाने दाबून बघितला आणि म्हणाले, "पोरी, माझा आवाज पेटीत घालाय लागलाय व्हय? मोठी पेटी आणा मग."

तेव्हा त्यांचं बोलणं थोडंसंच लडबडत होतं. सकाळी ताजे असताना तेही नाही. शबाना समोर वाक्यं धरायची, 'आज पाऊस येईल असं वाटतं', 'मला पाणी हवं आहे', असली. आण्णा दोनचार वाचायचे आणि कंटाळायचे.

"असलं कोण बोलतंय गं? मला पाणी हवं आहे. आमच्या घरात मी नुसतं 'ए' म्हनलो की पाणी येतंय."

"येतंय की," दाराजवळ बसलेल्या मालनकाकू म्हणायच्या. त्या त्यांच्या पत्नी. "चाळीस वर्षं आणतोय मी." कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं, पुरुषासारखं.

मग आण्णा वाक्यं सोडून द्यायचे आणि डोळे मिटून मैदान सुरू करायचे. "पट काढला, पट काढला मंडळी, सोडवून घेतलंय, आता बघा, घिस्सा डाव लावतोय बघा." त्या बंद खोलीत माझ्या हातावर काटा यायचा. शबाना त्यांना थांबवायची नाही. तीही वाक्यंच आहेत, म्हणायची.

मध्येच खोकला यायचा. लाळ गिळताना ठसका लागायचा, तो आजाराचाच भाग. खोकला आलेला रेकॉर्डिंगचा तुकडा यंत्राला चालत नाही, तो काढून टाकावा लागतो. म्हणून शबानाने अशा तुकड्यांना एक खूण ठरवली. फाइलच्या नावात आधी चांदणी, मग जागा सोडून 'खोकला', मग क्रमांक.

"चांदणी चालंल का नावात?" तिने मला विचारलं होतं. "काही घोटाळा नाही ना व्हायचा?"

"घाल तू. मी सगळी नावं अवतरणात ठेवलीत."

हे जरा सांगावं लागेल. रोज संध्याकाळी एक छोटी स्क्रिप्ट आपोआप चालायची, म्हणजे संगणकाला एकामागून एक द्यायच्या हुकमांची यादी. ती खोकल्याच्या फाइली शोधायची, एकेकीचं नाव एका व्हेरिएबलमध्ये घ्यायची आणि ती फाइल पुसायची. व्हेरिएबल म्हणजे नाव ठेवायचा डबा समजा. डब्यात चांदणी ठेवली तर काही बिघडत नाही. बिघडतं ते डबा हुकमात ओतताना. डब्याभोवती दुहेरी अवतरणचिन्हं असली, तर आतलं नाव जसंच्या तसं, अख्खं, एक नाव म्हणून जातं. चांदणी ही चांदणीच राहते. चिन्हं नसली, तर रिकाम्या जागेवर नावाचे तुकडे पडतात, आणि एकटी पडलेली चांदणी म्हणजे 'या फोल्डरमधलं सगळं' असा अर्थ लागतो. मग 'खोकल्याची ही फाइल पुस' या हुकमाचा 'सगळं पुस' असा हुकूम होतो. यंत्र विचारत नाही, खात्री आहे का. मी चिन्हं घातली होती. प्रत्येक ठिकाणी.

आण्णांची वाक्यं पूर्ण होत आली आणि वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी चिपळूणला गेले. परत आले तर रेकॉर्डिंगचं फोल्डर रिकामं होतं. दुसऱ्या डिस्कवरची प्रतही रिकामी. पुसलेलं परत मिळवायला नाडगोंडे सरांनी डिस्क पुण्याला पाठवली होती. तिथून बरंच काही परत आलं, पण आण्णांचं नाही. फाटलेली घरघर तेवढी आली.

या सगळ्या दिवसांत आण्णांना काय सांगितलं होतं, तर रेकॉर्डिंगच्या खोलीचं रंगकाम चालू आहे. हे मला शबानाने सांगितलं तेव्हा मी हातातला कप टेबलावर आपटला.

"कोणी सांगितलं असं?"

"वरून सांगायला लावलं. काकू रोज फोन करतात, सुनीती. म्हणतात, वास उतरला का रंगाचा, येऊ का. आणि त्यांचं बोलणं रोज थोडं थोडं कमी व्हायलंय."

चौकशी होईपर्यंत सर्व्हरला कोणी हात लावायचा नाही, असा सरांचा हुकूम होता. बैठकीच्या दिवशी सकाळी मी हात लावला. स्क्रिप्ट उघडली. ती माझी राहिलीच नव्हती. ओळी सुबक रांगेत लावलेल्या, वर सरांचं नाव, आणि अवतरणचिन्हं एकही नाही. शेवटी दोन ओळी वाढवल्या होत्या. मी तारखेवार वेगळ्या ठेवलेल्या प्रती काढून टाकून, मूळ फोल्डर जसं असेल तशी प्रत ताबडतोब करायची. मूळ रिकामं झाल्याबरोबर प्रतही रिकामी झाली ती त्यामुळे. बदलांच्या नोंदीत सरांनी शेरा लिहिला होता, 'अनावश्यक चिन्हं काढून नीटनेटकं केलं.'

मी लॅपटॉप उचलला आणि तशीच बैठकीत गेले.

"मॅडम, मला एक दाखवायचंय," मी म्हणाले.

"सुनीती, तांत्रिक खोलात आता नको," सर म्हणाले.

"खोलात नाही, एकच ओळ आहे." मी पडद्यावर एक फोल्डर उघडलं. त्यात तालुक्यांच्या नावांच्या रिकाम्या फाइली केल्या होत्या, करवीर, कागल, शिरोळ, हातकणंगले, पन्हाळा, आणि एक शबानाच्या पद्धतीची, चांदणी आणि खोकला. "सरांच्या स्क्रिप्टमधली ही ओळ. फक्त 'पुस'च्या जागी मी 'दाखव' लिहिलंय. काय पुसलं गेलं असतं ते दिसेल."

मी कळ दाबली. सगळे तालुके पडद्यावर आले.

"आता दोन चिन्हं घालते. बाकी काहीच बदलत नाही." पुन्हा कळ दाबली. एकच नाव आलं, चांदणी, खोकला.

मॅडमनी चष्मा लावला आणि पडद्याकडे बघत राहिल्या.

"नाव व्हेरिएबलमध्ये ठेवलंय म्हणजे ते सुरक्षितच असतं," सर म्हणाले. "आणि मी तपासून बघितलं होतं. चाललं होतं."

"कुठल्या नावावर तपासलंत?"

"साध्या नावावर."

"साध्या नावाला चिन्हं लागतच नाहीत सर. ती अशा नावासाठीच असतात."

"मुळात नावात चांदणी नसती तर..."

"तिने विचारून घातली होती. मला विचारून. आणि मी हो म्हटलं होतं, कारण तेव्हा चिन्हं होती." मी पडद्यावर बदलांची नोंद उघडली. सरांचं नाव, तारीख, शेरा. "नीटनेटकं. हे नीटनेटकं केलंत तुम्ही. मला एक फोन केला असता तर काय झालं असतं?"

"आवाज खाली ठेव," सर म्हणाले.

"नाही ठेवणार."

शबानाने टेबलाखालून माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला.

हिर्लेकर मॅडमनी वही पुढे ओढली. "हे बघा. कोणा एकाचं नाव नको. तांत्रिक बिघाड असं लिहू. वडणगेकरांनाही तसंच सांगू, मशीन खराब झालं म्हणून. संस्थेचा प्रश्न आहे."

"मी नाही सांगणार तसं," शबाना म्हणाली. बैठकीतलं तिचं ते दुसरंच वाक्य. "रंगाचं खोटं सांगितलं तेवढं बास झालं."

आम्ही दोघी तिथून थेट आण्णांच्या घरी गेलो. आण्णा बाहेरच्या सोप्यात खुर्चीवर बसले होते. बारीक झाले होते. आम्हाला बघून ते हसले आणि काहीतरी म्हणाले. मला ते कळलं नाही. हेच मला सगळ्यात लागलं. ज्या माणसाचा शब्द मैदानाच्या पार पलीकडे ऐकू जायचा, त्याचा चार हातांवरून कळला नाही.

"रंग वाळला का, म्हणत्यात," काकू म्हणाल्या.

शबानाने खाली बसून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही. तिच्यावर ढकललं होतं, तेही. आण्णा ऐकत होते. तिचं बोलणं संपल्यावर त्यांनी तिचा हात बाजूला केला. रागाने केला. मग भिंतीकडे तोंड फिरवलं. काकू उठून आत गेल्या. भांडी घासल्याचा आवाज येत राहिला, घासायला तेवढी भांडी मोरीत नसावीत इतका वेळ.

बऱ्याच वेळाने आण्णा बोलले. जीभ उचलून, एकेक शब्द ढकलून. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"त्याला बघायचंय म्हणत्यात. ज्यानं केलं त्याला."

दुसऱ्या दिवशी आण्णा केंद्रात आले. पुतण्याने चाकाच्या खुर्चीतून आणलं. डोक्याला फेटा बांधला होता, मैदानाला जाताना बांधायचे तसा. हिर्लेकर मॅडम स्वागताला पुढे आल्या, चहा सांगते म्हणाल्या. आण्णांनी नुसता हात हलवला. नाडगोंडे सरांना बोलावून घ्यावं लागलं. ते आले आणि दाराशीच उभे राहिले.

"वडणगेकर साहेब, जे झालं त्याबद्दल संस्थेला अतिशय खेद आहे," ते म्हणाले.

आण्णा बोलले. काकूंनी ते शब्द स्वच्छ केले. "कुणी केलं, विचारत्यात."

"सिस्टीममध्ये एक... इट वॉज ॲन ओव्हरसाइट."

आण्णांनी खुर्चीच्या हातावर मूठ मारली.

"मराठीत सांगा म्हणत्यात."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मीही त्यांच्याकडेच बघत होते. काय दिसलं त्यांना माझ्या चेहऱ्यात कोण जाणे. "स्क्रिप्टमध्ये थोडा बदल केला होता. त्यात डेटा पुसला गेला."

आण्णा पुढे झुकले. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली, काकू पदराने पुसायला गेल्या, त्यांनी मान बाजूला घेतली. पुढचं वाक्य त्यांनी काकूंसाठी ठेवलं नाही. ते इतकं सावकाश आणि इतक्या कष्टाने बोलले की खोलीतल्या सगळ्यांना कळलं.

"तुझं तोंड... चांगलं हाय... न्हवं? मग बोल."

सरांचा चेहरा लाल झाला. मॅडम मध्ये पडणार होत्या. "आण्णा, कशाला त्रास," त्या म्हणाल्या. काकूंनी त्यांना हातानेच गप्प केलं.

"मी पुसलं," सर म्हणाले.

आण्णांनी शबानाकडे बोट केलं. नुसतं बोट.

"त्यांची चूक नव्हती," सर म्हणाले. "चूक माझी होती. माहीत असून त्यांचं नाव घेतलं."

यानंतर आण्णा शांत होतील असं मला वाटलं होतं. त्यांना बरं वाटेल, मलाही वाटेल. तसं काही झालं नाही. ते सरांकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत काहीही निवळलं नाही. शेवटी सरांनीच नजर काढली आणि ते निघून गेले.

मग आण्णांनी रेकॉर्डिंगच्या खोलीकडे मान केली.

"आता कशाला हो," काकू म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या."

ते काहीतरी म्हणाले. काकू म्हणाल्या, "जो हाय त्यो घाला पेटीत म्हणत्यात."

शबानाने वाक्यांचे कागद काढले. त्यांनी ते ढकलून दिले. माइक तोंडाशी ओढला आणि डोळे मिटले. मैदान सुरू केलं त्यांनी. पट काढला, हे त्यांना म्हणायचं होतं. 'प' उमटेना. ओठ मिटायचे आणि उघडायचे, हवा जायची. त्यांनी मांडीवर थापा मारल्या. पुन्हा सुरू केलं. पुन्हा अडलं. मी काचेच्या अलीकडे हेडफोन लावून बसले होते आणि त्यांचा श्वास माझ्या कानात आदळत होता. तो माणूस संतापाने रडत होता आणि थांबत नव्हता. शबानाने एकदाही त्यांना थांबा म्हटलं नाही. पुढचे कितीतरी दिवस ते येत राहिले, आणि जेवढं निघेल तेवढं देत राहिले. ती स्क्रिप्ट मी नव्याने लिहिली, आणि माझ्या सहीशिवाय तिच्यात कोणी काही बदलायचं नाही, हे मॅडमकडून लिहून घेतलं.

रिपोर्टमध्ये 'तांत्रिक बिघाड' असंच राहिलं. शबानाचं कंत्राट संपलं तेव्हा ते पुढे वाढवलं नाही. तिने मिरजेत स्वतःचं क्लिनिक काढलं आणि ते चांगलं चाललंय. मीही वर्षभरात बाहेर पडले. नाडगोंडे सर पुढे एका मोठ्या संस्थेत गेले, असं ऐकलं. त्यांचं नाव कुठे छापलेलं दिसलं की अजूनही माझे दात आवळले जातात. इतकी वर्षं झाली, हा राग जायला हवा होता, असं मला अनेकांनी सांगितलंय. का जावा, हे कोणी सांगितलेलं नाही.

यंत्र तयार झालं तोपर्यंत आण्णांचं बोलणं पुरतं थांबलं होतं. ते आम्ही घरी नेऊन बसवलं. आवाज जड होता, अर्धे शब्द गिळलेले, 'प' आणि 'ब' फुटलेले. मी जमेल तेवढं सुधारलं होतं. जे नव्हतंच ते मी आणणार कुठून.

काही दिवसांनी मी काकूंना फोन केला.

"वापरतात का आण्णा ते?"

"वापरत्यात की. आज शेजारची पोरं दारात चेंडू खेळाय लागल्ती. त्यास्नी शिव्या दिल्या त्यातनं. पोरं पळाली."

मी हसले. काकूही हसल्या.

"आवाज कसा वाटतो, काकू? त्यांच्यासारखा वाटतो का?"

"त्यांचाच हाय," काकू म्हणाल्या. "मला समदं कळतंय."

पलीकडून यंत्राचा आवाज ऐकू आला, आण्णा त्यांना हाक मारत होते. त्या लगेच उठल्या नाहीत.

"खरं मला पयला पाहिजे हुता," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.